उसना अंगरखा: असिसीतले पाच दिवस

पहिला दिवस: टोपलीभर मासे

रोमच्या तेर्मिनी स्थानकातून इटलीतल्याच असिसी या गावाला जायला दोन-अडीच तास लागतात. थेट गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा फोलिन्योला गाडी बदलावी लागते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. तो राहिला की तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. फोलिन्योनंतर उजवीकडची खिडकी धरावी. स्पेल्लो मागे पडलं की सुबासिओ डोंगराच्या उतारावर गुलाबी-पांढऱ्या दगडाचं अख्खं गाव दिसू लागतं. दगड त्याच डोंगराचा आहे, म्हणून गाव डोंगरातून उगवल्यासारखं वाटतं.

पण गाडी त्या गावात जात नाही. स्थानक खाली सपाटीवर, सांता मारिया देली आंजेली या वस्तीत आहे आणि वरचं गाव तिथून चार किलोमीटरवर. पहिली रात्र खालीच काढलेली बरी. एक तर सामान चढावर ओढावं लागत नाही, आणि आठशे वर्षांपूर्वी सगळी संपत्ती सोडून देणाऱ्या, इथल्याच संत फ्रान्सिसचं आयुष्य समजून घ्यायचं तर सुरुवातही इथूनच व्हायला हवी.

स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटांवर बॅसिलिका, म्हणजे मोठं मानाचं देऊळ आहे. 1569 साली पायाभरणी, 1679 साली काम पूर्ण, लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास. आत शिरलं की घुमटाखाली, त्या अवाढव्य सभागृहाच्या मध्यावर, दगडी झोपडीसारखं काहीतरी उभं दिसतं. ते पोर्झिउंकोला, म्हणजे 'जमिनीचा लहानसा तुकडा'. लांबी साधारण सात मीटर, रुंदी चार. दर्शनी भिंतीवरचं रंगीत चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे, त्याच्यावर फार वेळ घालवू नये. बाजूला जाऊन उघड्या भिंतीचे दगड पाहावेत. ओबडधोबड, कमी-जास्त आकाराचे, आणि हात पोचतो तेवढ्या उंचीपर्यंत गुळगुळीत झालेले.

ही चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, सुबासिओवरच्या बेनेडिक्टाइन साधूंच्या मठाची होती. त्यांनी ती फ्रान्सिसला कायमची देऊ केली. त्याने वापरायला घेतली, मालकी घेतली नाही. आणि मालक कोण याचा विसर पडू नये म्हणून वर्षाकाठी टोपलीभर मासे भाडं म्हणून मठात पाठवायचं ठरवलं. मठाकडून त्या बदल्यात तेलाचा बुधला यायचा. संपत्तीविषयी फ्रान्सिसला काय म्हणायचं होतं ते या टोपलीत सगळं आहे. वस्तू वाईट आहे असं तो कुठेच म्हणत नाही. वस्तू वापरा, जपा, तिच्याबद्दल आभार माना, पण 'माझी' म्हणू नका, एवढंच त्याचं सांगणं. 29 नोव्हेंबर 1223 रोजी पोप होनोरियस तिसरे यांनी मंजूर केलेल्या फ्रान्सिसच्या संघाच्या नियमावलीतही हेच आहे: चौथ्या प्रकरणात नाणी स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत स्वीकारायला मनाई, आणि सहाव्यात घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली करायला मनाई.

पोर्झिउंकोलात वर्षभर कोणत्याही दिवशी 'प्लेनरी इंडल्जन्स', म्हणजे पापाच्या दंडातली पूर्ण सूट मिळते. त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार (पापांची कबुली), ख्रिस्तप्रसाद, मतांगिकार (श्रद्धेची कबुली) आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाबद्दलची आसक्ती सोडलेलं मन हवं. पैसा कुठेही लागत नाही. 1 आणि 2 ऑगस्टला याच क्षमादानाचा सण असतो. तेव्हा इतकी गर्दी होते की चॅपलमध्ये मिनिटभरही थांबता येत नाही.

दुसरा दिवस: खिडकीतले पैसे आणि उघड्या डोळ्यांचा क्रूस

सकाळी 'सी' क्रमांकाची बस वर जाते. तिकीट स्थानकावरच्या दुकानातून आधीच घ्यावं, बसमध्ये महाग पडतं. मठांच्या पाहुणखोल्या स्वस्त आणि स्वच्छ असतात. मात्र रात्री दार किती वाजता लागतं ते सामान ठेवतानाच विचारून घ्यावं.

दिवसाचा क्रम नीट आखावा लागतो, कारण सान दामियानो आणि सांता क्यारा ही दोन्ही देवळं दुपारी साधारण बारा ते दोन बंद असतात. क्रम चुकला तर दोन तास उन्हात पायरीवर बसणं नशिबी येतं. म्हणून आधी बिशपांचा वाडा आणि शेजारचं सांता मारिया मज्जोरे हे देऊळ. 1206 साली कापडाचा व्यापारी पिएत्रो दी बेर्नार्दोने आपल्या मुलाला, म्हणजे फ्रान्सिसला, इथे बिशप ग्विदो यांच्यासमोर घेऊन आला. त्याला विकलेल्या मालाचे पैसे परत हवे होते. मुलाने पैसे दिले, मग अंगावरचे कपडे उतरवून तेही बापाच्या पुढ्यात ठेवले. बिशपांनी आपल्या झग्यात त्याला गुंडाळलं. 2017 पासून हे स्थान 'वस्त्रत्यागाचं देवस्थान' म्हणून ओळखलं जातं. 2006 साली पंधराव्या वर्षी वारलेल्या कार्लो अकुतिसचा देहही इथेच आहे, अंगात जीन्स आणि पायात खेळाचे बूट. 7 सप्टेंबर 2025 रोजी त्याला संतपद मिळालं. तरुण मुलांची रांग त्याच्यासाठी असते. जिथे एकाने कपडे उतरवले तिथे दुसरा रोजच्या कपड्यांत झोपला आहे, हे त्यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवं.

पोर्ता नुओवा या वेशीतून बाहेर पडून ऑलिव्हच्या बागांमधून पंधरा-वीस मिनिटं उतरलं की सान दामियानो. पडझड झालेल्या याच देवळात क्रूसावरच्या ख्रिस्ताने फ्रान्सिसला 'जा, माझं घर दुरुस्त कर' असं सांगितलं. त्याने काय केलं? बापाच्या दुकानातले तागे घेतले, फोलिन्योला जाऊन विकले, घोडाही विकला आणि पैसे आणून इथल्या धर्मगुरूंपुढे धरले. धर्मगुरू घाबरले, त्यांनी घेतले नाहीत. मग फ्रान्सिसने ती थैली खिडकीच्या कोनाड्यात भिरकावली. ती खिडकी आजही दाखवतात. बरेच यात्रेकरू तिच्याकडे न पाहता पुढे जातात, आणि इथेच गफलत होते. देवाची हाक ऐकूनही पहिला उपाय सुचला तो पैशाचाच, आणि तोही बापाच्या पैशाचा. दुरुस्ती झाली ती नंतर, वस्त्रत्याग केल्यावर, गावात दारोदार दगड मागून. देऊळ तेच आणि काम तेच, पण आता त्यातलं काहीही त्याचं स्वतःचं नव्हतं.

आत फ्रान्सिसची अनुयायी संत क्लेअर आणि तिच्या धर्मभगिनींची भोजनशाळा आहे, धुराने काळवंडलेली, अंधारी. वर निजायची खोली. 1212 च्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) रात्री क्लेअर श्रीमंत घर सोडून पोर्झिउंकोलाला गेली, आणि नंतर 11 ऑगस्ट 1253 रोजी मरेपर्यंत ती इथेच राहिली. तिची लढाई फ्रान्सिसपेक्षाही चिवट होती. स्त्रियांच्या मठाला जमीन-उत्पन्न हवंच, असं सगळ्यांचं मत होतं, पोपमहोदयांचंही. तिने 1228 साली ग्रेगरी नववे यांच्याकडून लेखी हक्क मिळवला, की या बायकांवर मालमत्ता घेण्याची सक्ती कुणी करू शकणार नाही. काही नसण्याचा हक्क! तिच्या नियमावलीला पोपची मोहोर मिळाली 9 ऑगस्ट 1253 ला, मरणाच्या दोन दिवस आधी.

सान दामियानोत टांगलेला क्रूस ही प्रतिकृती आहे. मूळ क्रूस वर गावात, सांता क्याराच्या, म्हणजे संत क्लेअरच्या बॅसिलिकेत, उजव्या बाजूच्या चॅपलमध्ये आहे. तिथे दुपारी दोननंतर जावं आणि घाई करू नये. बाराव्या शतकातलं हे काम, लाकडावर कापड चिकटवून त्यावर रंगवलेलं, उंची सुमारे 190 सेंटिमीटर. आधी डोळे पाहावेत. ते उघडे आहेत, मोठे, शांत. डोक्यावर काट्यांचा मुकुट नाही, तेजोवलय आहे आणि त्यात एक क्रूस कोरल्यासारखा आहे. हा मेलेला ख्रिस्त नाही. हाताखाली उभी माणसं एका बाजूला मरिया आणि योहान, दुसऱ्या बाजूला मरिया माग्दालिया, क्लोपाची मरिया आणि शताधिपती (रोमन सैन्याचा अधिकारी). त्यांच्या पायाशी अगदी लहान आकृत्या भालेकरी आणि आंब (आंबट द्राक्षारस) धरणाऱ्याच्या. वरच्या टोकाला स्वर्गारोहण, आणि त्याच्याही वर अर्धवर्तुळात पित्याचा उजवा हात. आता ख्रिस्ताच्या पोटरीजवळ नजर आणावी. तिथे एक चिमुकला कोंबडा आहे. कोंबडा आरवण्याआधी पेत्र या शिष्याने ख्रिस्ताला नाकारलं त्याची ती आठवण, सहज दिसणार नाही इतकी लहान. खालच्या टोकाचे रंग उडाले आहेत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि त्याआधीच उठणाऱ्यांना फक्त एक जुना क्रूस पाहिल्याचं समाधान मिळतं.

तिसरा दिवस: एवढं मोठं देऊळ कशाला?

सान फ्रांचेस्कोची बॅसिलिका सकाळी उघडताच गाठावी. नऊनंतर गटामागून गट येतात. दारावर सामानाची तपासणी होते आणि मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि आत छायाचित्रांना बंदी आहे. प्रवेशाला पैसे नाहीत.

16 जुलै 1228 रोजी फ्रान्सिसला संत घोषित केलं, दुसऱ्याच दिवशी पोपनी या देवळाची पहिली शिळा बसवली. मरून दोन वर्षंही झाली नव्हती. ज्याने माशांच्या टोपलीवर झोपडी भाड्याने घेतली, त्याच्या थडग्यावर एकावर एक दोन देवळं! हा प्रश्न इथे आलेल्या प्रत्येकाला पडतो, आणि पडायलाच हवा. परंपरा सांगते की बांधकामासाठी फ्रान्सिसच्या संघातल्या ब्रदर एलियाने देणग्यांचं दगडी पात्र ठेवलं, तेव्हा फ्रान्सिसचा जिवलग ब्रदर लिओ याने ते फोडून टाकलं आणि त्याबद्दल फटके खाल्ले.

याची दुसरी बाजूही खरी आहे. फ्रान्सिसने स्वतःच्या पत्रांत वारंवार बजावलंय की मिस्साबलीचे (वेदीवरच्या उपासनेचे) प्याले, वेदीवरची वस्त्रं मौल्यवान असावीत, आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरचा पवित्र पाव, कुठे हलगर्जीपणे ठेवलेलं दिसलं तर उचलून मौल्यवान जागी ठेवावं. अंगावर गोणपाट आणि वेदीवर चांदी, यात त्याला विसंगती वाटली नाही, कारण वेदीवरचं कुणाचंच नसतं. शिवाय ही बॅसिलिका फ्रान्सिस्कनांच्या, म्हणजे फ्रान्सिसच्या संघाच्या मालकीची कधीच नव्हती. ती आरंभापासून पोपपदाची आहे. तरीही हे उत्तर पुरं पडतं असं नाही. कागदावर मालक दुसरा दाखवून सगळं उपभोगता येतंच की. यावरूनच पुढे शंभर वर्षं भांडण चाललं. पोप जॉन बाविसावे यांचा मुद्दा बिनतोड होता: जो पाव तुम्ही खाऊन संपवता त्याचा फक्त वापर केला आणि मालकी दुसऱ्याची, हे कसं? 1323 साली त्यांनी ख्रिस्त आणि प्रेषित यांच्याकडे काहीच नव्हतं असं हट्टाने म्हणणं पाखंड ठरवलं.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा: आधी तळघरातलं थडगं, मग खालचं देऊळ, शेवटी वरचं. थडगं एलियाने इतकं पक्कं लपवलं होतं की ते 1818 मध्येच सापडलं. साध्या दगडाचा खांब आणि भोवती त्याचे चार सोबती, त्यांत लिओसुद्धा.

खालच्या देवळात मुख्य वेदीवरच्या छताच्या चार पाकळ्या म्हणजे चार चित्रं. त्यांतल्या 'दारिद्र्या'च्या चित्रात ख्रिस्त फ्रान्सिसचं लग्न लावतो आहे. वधू दारिद्र्य, फाटक्या वस्त्रातली, काट्यांमध्ये उभी. एक कुत्रा तिच्यावर भुंकतो, एक मुलगा दगड मारतो, दुसरा काठीने टोचतो. आणि तिच्या पाठीमागे त्याच काट्यांना गुलाब आलेत. कोपऱ्यात एक तरुण अंगावरचं वस्त्र गरिबाला देतोय. दुसऱ्या कोपऱ्यातल्या तरुणाच्या मनगटावर ससाणा आहे आणि तो नकार देतोय. मान दुखते, म्हणून पायऱ्यांजवळ बाकावर बसून पाहावं.

अवशेषांच्या दालनात ठिगळांचा झगा आहे, 1223 च्या नियमावलीचं मूळ चर्मपत्र आहे, आणि तळहाताएवढा एक चर्मपत्राचा तुकडा. 1224 साली ला वेर्ना डोंगरावर फ्रान्सिसने स्वतःच्या हाताने तो लिओसाठी लिहिला, एका बाजूला देवाची स्तुती, दुसऱ्या बाजूला आशीर्वाद. आशीर्वादाखाली मोठा 'ताव', म्हणजे इंग्रजी टी-सारखी क्रूसाची खूण काढली आहे, आणि त्याची उभी रेघ लिओच्या नावाच्या अक्षरांमधून गेली आहे. घड्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात, स्तुतीची बाजू झिजून पुसट झाली आहे. लिओने तो मरेपर्यंत झग्यात वागवला. दगडी पात्र फोडणारा माणूस हा कपटा मात्र सोडू शकला नाही. श्रद्धेच्या खुणेचं मोल कशात असतं, ते त्या झिजलेल्या घड्यांवरून कळतं.

ताव हे हिब्रू वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. बायबलातल्या यहेज्केलाच्या नवव्या अध्यायात पापाबद्दल उसासे टाकणाऱ्यांच्या कपाळावर खूण करायला सांगितलं आहे, ती हीच. 1215 च्या लॅटरन धर्मसभेत पोप इनोसंट तिसरे यांनी तिच्यावर प्रवचन केलं, आणि फ्रान्सिस पत्रांखाली सही म्हणून तीच काढू लागला. बाहेरच्या दुकानांत ऑलिव्हच्या लाकडाचे ताव ढिगाने असतात. लाकडाच्या नैसर्गिक रेषा समोरून मागे सलग गेल्यात का ते पाहून घ्यावं. भुशाच्या फळीवर तपकिरी रंग दिलेला ताव घामाने डाग सोडतो. दोरीला तीन गाठी असतात, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांच्या. गुळगुळीत नायलॉनच्या गाठी सुटतात, सुती दोरीच्या टिकतात. आणि क्रम महत्त्वाचा: आधी विकत घ्यावा, मग धर्मगुरूंकडून आशीर्वाद घ्यावा. आशीर्वादित वस्तू विकली की तिला जोडलेली दंडमाफी संपते, असा चर्चचा नियमच आहे.

वरच्या देवळातली 28 चित्रं वेदीकडे तोंड करून उजव्या भिंतीपासून, वेदीजवळून सुरू होतात. पाचवं चित्र वस्त्रत्यागाचं. बापाच्या हातावर मुलाचे कपडे, मुठी आवळलेल्या, एकाने त्याचं मनगट धरलंय. पलीकडे उघडा फ्रान्सिस, हात वर, आणि दोघांच्या मधे निळं रिकामं आभाळ. 26 सप्टेंबर 1997 च्या भूकंपात या छताचा भाग कोसळून चौघांचा जीव गेला. छत पुन्हा उभं राहिलं, पण काही ठिकाणी चित्रांऐवजी फिकट गिलावा आहे.

चौथा दिवस: कार्चेरी

पोर्ता काप्पुच्चिनीतून चार किलोमीटर चढ, साधारण पावणेचारशे मीटर उंची, सव्वा ते दीड तास. सुरुवातीचा टप्पा सगळ्यांत खडा आहे. तिथेच दम घालवला तर पुढे हाल होतात. पाणी गावातच भरून घ्यावं आणि खाणं बरोबर ठेवावं. सुटे दगड घसरतात, उतरताना जास्त.

एरेमो देल्ले कार्चेरी म्हणजे कड्याला चिकटलेल्या गुहा आणि पंधराव्या शतकात त्यांच्याभोवती उभा राहिलेला छोटा मठ. फ्रान्सिसच्या गुहेकडे जाणारी दारं इतकी अरुंद आणि बुटकी की पाठीवरची पिशवी काढून, वाकून, एकेकट्यानेच जावं लागतं. पिशवी न काढता घुसणारा दारात अडकतो आणि मागची रांग थांबते. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हा येशूचा दाखला अशा ठिकाणी हमखास दिला जातो, आणि जेरुसलेममध्ये 'सुईचं नेढं' नावाचा बुटका दरवाजा होता असंही जोडून सांगतात. अशा दरवाजाचा प्राचीन पुरावा नाही. येशू खऱ्या सुईबद्दलच बोलत होता. 'मग तारण कुणाचं होणार?' असं शिष्य घाबरून विचारतात ते त्यामुळेच.

एकांतात राहणाऱ्यांसाठी फ्रान्सिसने छोटासा नियम लिहिला. तिघे किंवा फार तर चौघे राहावेत. दोघांनी आई व्हावं, बाकीच्यांनी मुलं. आयांनी भिक्षा, स्वयंपाक, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवणं हे सांभाळायचं, मुलांनी प्रार्थना करायची. आणि मधूनमधून अदलाबदल. आई असण्यावरसुद्धा कुणाचा हक्क नाही!

गुहेतल्या दगडाच्या बिछान्यापाशी लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवावा. पीक उदंड आलं, तो कोठारं पाडून मोठी बांधतो आणि स्वतःच्या जिवाला सांगतो की पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता खा, पी, आराम कर. मूळ ग्रीकमध्ये इथे 'प्सुखे' आहे. मराठीतला 'जीव' त्याला 'आत्मा'पेक्षा जवळचा वाटतो, कारण प्राण आणि आत्मा दोन्ही त्यात येतात, आणि 'जीव लावणं', 'जीव अडकणं' हेही. देव त्याला म्हणतो की आज रात्री तुझा जीव मागून घेतला जाईल. तिथलं ग्रीक क्रियापद 'परत मागणं' या अर्थाचं आहे, उसनं दिलेलं मागतात तसं. कोठारं, धान्य, वर्षं हे सगळं तो आपलं धरून बसला होता, पण हिशेब मागितला गेला तो जिवाचा, आणि तोही उसना निघाला.

पाचवा दिवस: खाली

सान दामियानोवरून ऑलिव्हच्या वाटेने रिवोतोर्तोला उतरावं. मोठ्या देवळाच्या आत दगडी खोपटं आहे, पुन्हा बांधलेलं. पहिले सोबती इथे इतक्या दाटीने राहत की फ्रान्सिसने प्रत्येकाचं नाव तुळईवर लिहून जागा ठरवून दिली होती. एक दिवस एक शेतकरी गाढव घेऊन आत घुसला. भांडण नाही, तंटा नाही, सगळे उठून चालते झाले. 1209 साली सम्राट ओटो चौथा याच रस्त्याने गेला तेव्हा बाहेर येऊन पाहायलाही फ्रान्सिस उठला नाही. एकाला पाठवून त्याने सांगितलं की हे वैभव फार टिकणार नाही.

इथून सांता मारियापर्यंत तीनेक किलोमीटर सपाट रस्ता आहे. असिसीहून खाली येणाऱ्या वाटेवर लाल विटांची पायवाट आहे आणि तिच्या विटा-विटांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. पावसात त्या घसरड्या होतात.

गाडीला वेळ ठेवून पुन्हा बॅसिलिकेत जावं, पण आता पोर्झिउंकोलाच्या उजव्या हाताच्या छोट्या खोलीकडे. ती कापेल्ला देल त्रान्सितो. 3 ऑक्टोबर 1226 च्या संध्याकाळी फ्रान्सिस इथे वारला. मरण जवळ आलं तसं त्याने स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवायला सांगितलं, अंगावर काही न ठेवता. मठाच्या प्रमुखाला ते बघवेना. पण कपडे देऊ केले तर हा नाही म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो म्हणाला: हा अंगरखा, विजार आणि टोपी मी तुला उसनी देतोय. ती तुझी नाहीत, कुणाला देऊन टाकायचा अधिकारही तुला नाही.

फ्रान्सिसने आनंदाने ते घेतले.